खाली काय हाय?

मुंजाजीमामा कुणाच्याही घरी गेले तरी बसायच्या आधी सतरंजीचं टोक उचलून खाली बघायचे. भाच्यासाठी मुलगी बघायला मानवतला गेले होते, तिथंही त्यांनी हेच केलं. मुलीच्या बापाला वाटलं, घर झाडलंय का नाही ते हा पाहुणा तपासतोय. त्याचा चेहरा उतरला. मग सुमनमामीनं, म्हणजे मामांच्या बायकोनं, सांभाळून घेतलं. "तसं न्हाई दादा, खोड हाय त्यांना. आमच्या लग्नात बसायची खुर्चीसुदीक उलटी करून बघितली होती यांनी. सगळा मांडव हसायला, अन् हे आपले बघायलेत."

"खाली काय हाय?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. एस.टी.च्या सीटवर हात दाबून तोच, खाटेवर गोधडी टाकताना तोच. कुणी उगीच जास्त गोड बोलून गेलं तर त्याची पाठ वळल्यावर मला हळूच विचारायचे, "बालाजी, ह्याच्या खाली काय हाय रे?"

त्यांचं कामच तसं होतं. ते शेततळ्याला प्लॅस्टिक अंथरायचे. आमच्याकडं वर काळी माती आणि खाली मुरूम, त्यामुळं नुसतं तळं खोदलं तर पाणी उन्हाळ्याआधीच मुरून जातं. म्हणून तळ्याच्या तळाला आणि चारी उतारांना जाड प्लॅस्टिक घालायचं, दोन पट्ट्यांचे काठ तापलेल्या मशीननं एकमेकांना चिकटवायचे, कडेच्या चरात टोकं पुरून माती दाबायची. हे झालं नवं काम. त्याहून जास्त बोलावणी जुन्या तळ्यांची यायची. कुठं कुत्रं पाणी प्यायला उतरलं आणि नखानं ओरबाडलं, कुठं रानडुक्कर आत पडलं, कुठं मालकानंच बाभळीची फांदी ओढून नेली. पाणी कमी व्हायला लागलं की माणसं मुंजाजीला फोन करायची.

त्याच्या आधी सेलूला कापसाच्या मार्केटजवळ त्यांचं सायकल-मोटरसायकलच्या पंक्चरचं दुकान होतं. दुकान कसलं, एक छत्री, पाण्याची लोखंडी घमेली आणि हवेचा पंप. पण त्यांची सगळी विद्या तिथली. ते म्हणायचे, "पंक्चर म्हंजे भोक न्हाई. पंक्चर म्हंजे भोक पाडणारं जे अजून टायरात बसलंय ते. ते काढल्याबिगर ठिगळ लावलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिशी पुन्ना दारात."

मी आठवीतून शाळा सोडली. सेलूच्या जिनिंगमध्ये हंगाम केले. लग्न झालं, मुलगी झाली, आणि एका साली हंगाम लवकर आटपला. पाथरीच्या रस्त्यावर एका तळ्याचं काम निघालं होतं तिथं मी गेलो. मला रोजंदारीवर उभं करून मामांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, "चप्पल काढ."

मला वाटलं, पूजाबिजा असेल.

"पूजा न्हाई. चाल आता तळातून. ह्या कडंपासून त्या कडंला. जिथं पायाला कायतरी लागंल तिथं थांब, वाक, अन् ते उचल."

आठवडाभर मी एवढंच केलं. खडे, मुळ्यांचे धस, पऱ्हाटीचे बुडखे, चुनखडीच्या गाठी. माझ्यामागून मामा स्वतः चालायचे. सावकाश, टाच आधी आणि बोटं नंतर, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे पाय चेपावेत तशी जमीन दाबत. मी तीनदा चाललेल्या जागेवर ते थांबायचे, अंगठ्यानं माती उकरायचे आणि तांदळापेक्षा थोडा मोठा खडा काढून माझ्या हातावर ठेवायचे. बोलायचे नाहीत. बूट घालून कुणी तळात उतरलं की मात्र बोलायचे. "काढा ते. बुटात पाय आंधळा होतो."

त्या तळ्याचा मालक मोठा बागायतदार होता. त्याला घाई होती, कालव्याला पाणी सुटणार होतं. तो काठावरून ओरडायला लागला, "मुंजाजी, चार खडे ऱ्हायले तर काय बिघडतंय? तुला काय तिथं संसार मांडायचाय का?"

मामांनी प्लॅस्टिकचा एक तुकडा तळात अंथरला. "पाटील, इकडं या जरा. आडवं व्हा ह्याच्यावर."

"कामून?"

"व्हा तर."

पाटील मोठ्या मनाचा, आडवा झाला. आम्ही सगळे बघत उभे. थोडा वेळ गेला आणि त्यानं कूस बदलली. मग कमरेखाली हात घातला. "टोचायलंय रे कायतरी."

"तुमाला अर्धा घंटा निजवलं न्हाई तर टोचायलं," मामा म्हणाले. "ह्याला इथं जन्मभर निजायचंय. अन् अंगावर पाणी घेऊन."

पाटील उठला, अंग झटकलं आणि हसला. पुढं तोच चार गावांत सांगत फिरला, की मुंजाजीनं मला तळ्यात झोपवलं.

सुमनमामी गावाकडच्या प्रत्येक कामावर बरोबर असायची. वाऱ्यानं प्लॅस्टिक उचलू नये म्हणून त्यावर रेतीची पोती ठेवावी लागतात, ती शिवायचं, भरायचं, मांडायचं काम तिचं. नवऱ्याला ती सगळ्यांसमोर बोलायची. "खडे येचून येचून माणूस वाकला, घरात निवडायला तांदूळ दिले की म्हणतो दिसंना." मामा ऐकून घ्यायचे. ठिगळ कापायची कात्री मात्र ते तिच्याच हातात द्यायचे, कारण तिचा गोल हात होता. ठिगळ गोल पाहिजे, ही त्यांची दुसरी शिकवण. "कोपरा ठिवला की तिथं कोणतरी नख लावतं," म्हणायचे.

आणि बिब्बा. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आमच्याकडं नवं घर, नवी विहीर, नवं तळं झालं की दृष्ट लागू नये म्हणून लाल फडक्यात बिब्बा, लिंबू आणि लोखंडी खिळा बांधतात. काही जण ते पुरतात. तळ्याचं प्लॅस्टिक अंथरायच्या दिवशी मालकाच्या घरची बाई हळदकुंकू घेऊन यायची आणि ती पुरचुंडी मामांपुढं धरायची, की ईशान्येच्या कोपऱ्यात खाली घाला. मामांच्या घरी वडलांच्या वेळेपासून देव नव्हते, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. पण त्यांनी कुणा बाईला कधी दुखवलं नाही. पुरचुंडी दोन्ही हातांनी घ्यायचे आणि तारेच्या कुंपणाच्या खांबाला नीट बांधायचे. "माय, वरून बघणाराची नजर खाली पुरलेल्याला कशी दिसंल? खांबालाच पाहिजे ना." बायांना ते पटायचं. प्लॅस्टिकच्या खाली मात्र त्यांनी कधी काही जाऊ दिलं नाही.

एका साली प्लॅस्टिक पुरवणाऱ्या दुकानदाराच्या ओळखीतून राजस्थानचं काम आलं. वाळवंटात तेलाच्या विहिरी आहेत. विहीर खोदताना जो चिखल, जो तेलकट गाळ, जी रसायनं लागलेली माती वर येते ती कुठंही टाकता येत नाही. तिच्यासाठी तळ्यासारखेच, पण कितीतरी मोठे खड्डे करतात. तळाशी प्लॅस्टिकचे दोन थर, मधे जाळी. वरच्या थराला भोक पडलं तर घाण जाळीतून वाहत सगळ्यात खोल कोपऱ्यातल्या पाइपात येते. त्या पाइपात दर आठवड्याला भांडं सोडून बघायचं. भांडं कोरडं आलं तर सगळं ठीक.

मामा परभणीतून दहा-बारा जण घेऊन निघाले. निघायच्या आधी प्रत्येकाच्या घरी गेले. आमच्या घरी सतरंजी उचलून बघितली आणि बसले. माझी आई म्हणाली, "भाऊ, तुमच्या भरवशावर धाडायलेय." मामा म्हणाले, "धाडा. काम हाय तवर ह्याच्या पोटाला कमी न्हाई, एवढं मी बघतो." असंच त्यांनी दहा घरी सांगितलं होतं. हे मला पुढं कळलं, आणि त्याचा अर्थ आणखी पुढं.

आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारच्या खड्ड्यात एक पोकलेन उलटं पडलेलं होतं. उतारावरून घसरून ड्रायव्हर त्याखाली गेला होता, आणि मशीन काढायला अजून क्रेन आली नव्हती. आम्ही रोज त्याच्याकडं बघत काम करायचो. मग एका दुपारी वारा सुटला. अर्धवट अंथरलेलं प्लॅस्टिक शिडासारखं उचललं आणि त्याच्याबरोबर आमच्यातल्या गंगाखेडच्या रामकिशनचा धाकटा भाऊ. दोन पुरुष उंच गेला आणि उतारावर आपटला. मणका मोडला. त्याला ॲम्ब्युलन्सनं नेलं, तो अजूनही खाटेवर आहे.

रामकिशन ऊसतोडीतून आलेला, छातीचा माणूस. भावाला गावी पोचवून परत आला तो घरून लाल पुरचुंडी घेऊन. त्यानं ती खड्ड्याच्या खांबाला बांधली. सेफ्टीच्या माणसानं सकाळी काढून टाकली. रामकिशननं पुन्हा बांधली, त्यानं पुन्हा काढली आणि सांगितलं, ही कंपनीची जागा आहे, इथं असलं काही चालणार नाही. त्याचंही खोटं नव्हतं. पण त्या दिवशी संध्याकाळी आमच्या खोलीत सगळ्यांच्या पिशव्या भरल्या गेल्या. मीही भरली. 

मामा दारात आले. पिशव्यांकडं बघितलं.

"काय ठरलं?"

रामकिशन म्हणाला, "मामा, मी कोपऱ्यात खाली ठिवणार. तुमी न्हाई म्हनले तर आमी चाललाव. माझा एक भाऊ गेलाय खाटंवर. दुसऱ्याच्या घरी काय सांगू मी?"

मामा दारातून आत आले, रामकिशनपाशी गेले. मग हात पुढं केला. "आण इकडं."

उजाडताना, प्लॅस्टिक थंडीनं आखडलेलं असताना, आम्ही त्या कोपऱ्यात गेलो. वरचा थर अजून चिकटवायचा होता. मामांनी फडकं सोडलं. लिंबू काढून लांब फेकलं. खिळा काढून रामकिशनच्या हातात दिला. "हे टोकदार हाय. हे न्हाई." बिब्बा तेवढा ठेवला. बोटांत फिरवून बघितला, वरून अंगठा घासला, जणू तोही खडाच होता आणि ते त्याचं मोजमाप घेत होते. गुळगुळीत होता. मग वाकून वरच्या थराखाली सरकवला आणि म्हणाले, "झालं? आता पिशव्या उघडा."

मी जवळच होतो. त्या दिवशी त्यांनी "खाली काय हाय?" विचारलं नाही.

पिशव्या उघडल्या. काम पूर्ण झालं, आणि चांगलं झालं. मिश्रासाहेब म्हणून इंजिनियर होते, कडक पण सरळ माणूस. त्यांनी मामांची चालण्याची रीत बघितली आणि स्वच्छ प्लॅस्टिकवर त्यांना जाड सेफ्टी बुटांऐवजी पातळ रबरी तळव्याचे बूट घालायची परवानगी मिळवून दिली. नव्या पोरांना ते सांगायचे, "मुंजाजी से पूछो, नीचे क्या है." सांध्यांवर साबणाचं पाणी टाकून, वरून काचेची पेटी बसवून आतली हवा ओढायची, भोक असेल तर बुडबुडे येतात. मामा त्या पेटीवर ओणवे होऊन सेलूच्या घमेल्यात बघावं तसे बघायचे. एकही बुडबुडा आला नाही. वर रेतीचा थर पडला, मग टँकर यायला लागले. खड्डा भरत चालला. आम्ही शेजारच्या खड्ड्यात गेलो.

कोपऱ्यातल्या पाइपातलं भांडं एका सकाळी ओलं आलं.

आधी तळाशी नुसता तेलाचा तवंग. पुढच्या वेळी अर्धं भांडं. खड्ड्याच्या पलीकडं धनगरांची वस्ती आहे, त्यांच्या शेळ्या आमच्या कुंपणापर्यंत येतात, त्यांची विहीर आम्हाला दिसते. अजून एक थर खाली शाबूत होता, पण दोनाचा एक झाला की ते दुरुस्त केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ठेकेदारानं आम्हाला उन्हात उभं करून सांगितलं. काम कुणाचं होतं ते त्याला माहीत आहे. चूक मालात निघाली तर ठीक, चूक आमच्या हातची निघाली तर परभणीची सगळी गँग घरी, आणि परत ह्या भागात कुठं काम मिळणार नाही.

मी त्या दिवसांत जेवू शकत नव्हतो. गावी पोरगी शाळेत जायला लागली होती.

गाळ काढायला बरेच दिवस लागले. वरचा मशीननं, प्लॅस्टिकजवळचा हातानं, कारण मशीनचा दात लागला तर नवीन भोक. मामा सगळ्यात पुढं. गुडघ्यापर्यंत गमबूट घालून त्या करड्या चिखलात उभे. त्या चिखलाला खळीसारखा बुळबुळीतपणा असतो आणि तो अंगाला लागला तर आधी काहीच होत नाही, जळतो नंतर. उजव्या गमबुटाला घोट्याजवळ बारीक चीर होती. ती त्यांना दिसली असणार. दुसऱ्याच्या बुटाला असती तर त्यांनी त्याला वर पाठवला असता.

कोपरा उघडा झाला. पुसला. नखाएवढी चीर होती, चांदणीसारखी फाटलेली. मिश्रासाहेब खाली उतरले. मामांनी चिरेच्या भोवती गोल कापलं आणि तुकडा उचलला. खाली जाळीवर काळा डाग होता, तळहाताएवढा, आणि त्याच्या मधे चिरडलेलं काहीतरी, खारकेच्या बीसारखं.

मिश्रासाहेबांनी ते चिमट्यानं उचललं. "ये क्या है? कोई बीज है?"

तिथं आम्ही पाच-सहा जण होतो. बिब्ब्याचा डाग काय असतो ते आम्हा सगळ्यांना माहीत. आमच्याकडं परीट त्यानं कपड्यांवर खुणा करतात, धुऊन जात नाही. मिश्रासाहेबांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. रेतीबरोबर आलं असेल, जाळीच्या गुंडाळीत आलं असेल, एवढं कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते स्वतःच म्हणाले, "रोल के साथ आया होगा."

रामकिशनचे ओठ हलले. मामांनी त्याच्याकडं न बघता हात आडवा केला, रस्ता ओलांडताना लेकराला अडवतात तसा.

"रोल के साथ नहीं आया साब," ते त्यांच्या सेलूच्या हिंदीत म्हणाले. "मैं रख्या. मेरे हात से. ये लोगां को कुछ नहीं मालूम. बिब्बा बोलते इसको. नजर का."

मिश्रासाहेबांनी चिमटा डोळ्यांजवळ नेला. तो बिब्बा चिमट्यात तसाच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आपने? आप तो... आपने ही सबको सिखाया था, मुंजाजी."

"हौ साब. खिला निकाल दिया था. बोला, ये गोल है, ये क्या करता. तालाब में कुछ नहीं करता. इधर वजन का अंदाजा नहीं आया मेरेकू."

"किसके कहने पे?"

"मेरे कहने पे."

 मिश्रासाहेबांनी आमच्याकडं एकेक करून बघितलं. मी खाली बघितलं. ते हुशार माणूस होते, त्यांना सगळं कळलं असणार. पण त्यांनी पुढं विचारलं नाही आणि त्याबद्दलही मी त्यांचा ऋणी आहे.

"रिपोर्ट तो लिखना पड़ेगा," ते म्हणाले.

"लिखो साब. नाम मेरा लिखो. पन पहले ये पैबंद मैं लगाता. फिर जाता."

ठिगळ त्यांनीच लावलं. गोल ठिगळ कापायला सुमनमामी नव्हती, तर स्वतः कापलं, जरा वाकडं, पण कोपरा न ठेवता. कडा घासल्या, कोरड्या केल्या, गरम हवेनं टेकवल्या, मग वितळलेल्या प्लॅस्टिकची दोरी सोडत मशीन भोवती फिरवलं. थांबले नाहीत. अर्ध्यावर मी म्हणालो, "मामा, बुटातून पाय बाहेर काढा, मी धरतो मशीन." ते म्हणाले, "आता सोडलं तर इथं सांधा राहतो. बोलू नको." काचेची पेटी बसवली. साबणाच्या पाण्यावर ओणवे होऊन बघत राहिले. बुडबुडा नव्हता. तरी ते उठले नाहीत. मिश्रासाहेबांनी खांद्याला हात लावला तेव्हा उठले.

वर येऊन गमबूट काढला तेव्हा मोजा वेगळा निघाला नाही.

दवाखान्यात त्यांना आठ-पंधरा दिवस ठेवलं. उजव्या तळव्याची कातडी गेली होती. रामकिशन रोज जायचा आणि बाहेर बाकावर बसून परत यायचा. एकदा मी आत गेलो तेव्हा ते उशीवर हात दाबत होते. मला बघून म्हणाले, "रामकिशनला सांग, आत ये म्हणाव. त्यानं नुसतं मागितलं होतं. दिलं मी."

ठेकेदारानं त्यांचं नाव काढून टाकलं. आम्हाला ठेवलं. गाडीत बसवायला आम्ही सगळे गेलो. त्यांनी प्रत्येकाला तेच सांगितलं, "चप्पल काढत जा." रामकिशनच्या मात्र डोक्यावर हात ठेवला.

मी अजून इथंच आहे. आता खड्ड्याची पाहणी माझ्याकडं असते. भांडं वर ओढताना दोरी हाताला जड लागली की मी ओढायचा थांबतो, इतकी वर्षं झाली तरी. ते वर आणून उपडं केल्यावर कोरडं दिसलं की मी आधी कुणाला सांगत नाही, थोडा वेळ तसाच बसतो. माझी पोरगी दहावीला आहे. तिच्या पुस्तकाखाली, आमच्या पत्र्याखाली, आईच्या औषधाखाली काय आहे ते मला माहीत आहे.

मागच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा कळलं, मामा पाथरीच्या बाजूला एका तळ्यावर आहेत. मी जीपनं गेलो. लांबूनच दिसले. तळात अंथरलेल्या नव्या प्लॅस्टिकवरून अनवाणी चालत होते. तेच चालणं, टाच आधी, बोटं नंतर. काठावर मालकाची बायको लाल पुरचुंडी घेऊन उभी होती.

"खाली घाला ना मामा. समदे घालतेत."

"खाली न्हाई, माय."

"कामून?"

"मी घातलं होतं एकदा," मामा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, जसं पाऊस कधी झाला ते सांगावं. "त्या खांबाला बांधा. खिळ्यासकट."

मग त्यांनी मला बघितलं आणि हसले. "आलास का? थांब, एवढी पट्टी बघतो."

ते पुढं चालत गेले आणि मला त्यांच्या मागं प्लॅस्टिकवर लाल ठिपके दिसले. एका पावलाला एक, सरळ ओळीत, पार पलीकडच्या उतारापासून. सुमनमामीला माझ्याआधी दिसलं होतं. ती हातातलं पोतं टाकून आत उतरली.

"बसा खाली."

"कामून?"

"बसा म्हनते ना."

ते बसले. तिनं त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेत बाभळीचा काटा होता, टोक तेवढं बाहेर राहिलेलं. भाजल्यानंतर आलेली कातडी अजून गुलाबी आणि चकचकीत होती, लहान मुलाच्या पायासारखी, आणि तिला काही कळत नव्हतं. मामीनं पदराच्या पिनेनं काटा काढला. मामा तिच्या हाताकडं बघत होते, जणू दुसऱ्याचा पाय होता.

"हे घेऊन फिरायलेत पार सकाळपासून," मामी मला म्हणाली. "समद्या प्लॅस्टिकवरून."

मामांनी काटा बोटांत धरला. टोक अंगठ्यावर टेकवून बघितलं. मग मागं वळून त्या ठिपक्यांच्या ओळीकडं बघत राहिले.

"प्रत्येक ठिपक्यावर काचेची पेटी लावून भोक बघावं लागंल," ते म्हणाले.

"लावू," मामी म्हणाली.

तिनं चपला काढल्या, काठावर ठेवल्या. पदर खोचला आणि जिथं ते थांबले होते तिथून चालायला लागली. टाच आधी, बोटं नंतर. मामा तळातच बसून होते, उजवा पाय पुढं पसरून, मान थोडी कलती करून, जणू ऐकत होते. काही पावलांवर ती थांबली.

"खाली काय हाय?" त्यांनी विचारलं.

 तिनं टाच दाबली, वजन टाकलं, पुन्हा दाबली.

"सुरकुती हाय," ती म्हणाली. "खडा न्हाई. पुढं जाऊ का?"

"जा," मामा म्हणाले. "सावकाश जा."